उसन्या बोटाची शुगर

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. रक्तातली साखर मोजणे एवढेच माझे काम. वरवट बकाल गावातल्या ज्या घरात मी राहतो, तिथे मला या नावाने कोणी ओळखत नाही. तिथे मी 'शुगरची मशीन' आहे. मुठीत मावेल एवढा माझा देह. पुढे राखाडी काच, बाजूला एक बटण आणि खाली पट्टी सरकवायची फट. पट्टीवर रक्ताचा थेंब टेकवला की मी पाचपासून उलटे आकडे मोजतो आणि मग उत्तर देतो. मला गोड बोलता येत नाही, कडूही बोलता येत नाही. रक्तात जे असेल ते सांगतो.

तरीही एके दिवशी मला खोटारडे ठरवून कचऱ्याच्या डब्यात टाकले गेले. ज्या माणसांच्या घरी मी दहा वर्षे राबलो, त्याच माणसांनी टाकले. ते कसे घडले, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात सपाट गोल बॅटरी बसवली. मग ठरावीक साखर असलेल्या पाण्याचे थेंब मला तीनदा चाटवले. तिन्ही वेळा मी बरोबर उत्तर दिले, तेव्हाच मला खोक्यात घातले. तिथून शेगावच्या एका मेडिकल दुकानात आलो आणि काचेच्या कपाटात सात-आठ महिने नुसता बसून राहिलो. एका दुपारी इंद्रभान नावाचा शेतकरी हातात चिठ्ठी घेऊन आला. त्याच्या कपड्यांना कोथिंबिरीचा वास येत होता. तो मला घेऊन दवाखान्यात गेला, आणि तिथे मी दीपमालेला पहिल्यांदा पाहिले.

ती अकरा वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात ती तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती आणि तरीही तिची तहान भागत नव्हती. महिन्याभरात शाळेचा गणवेश तिला ढगळ झाला होता. शेजारच्या बायका म्हणत होत्या, पोरीला नजर लागली. दवाखान्यातल्या डॉक्टर जयमालाबाईंनी तिच्या आईवडिलांना समोर बसवून सांगितले, "हा टाईप वनचा मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद झालंय. आपण खाल्लेलं अंगी लागायला इन्सुलिन लागतं. ते आता बाहेरून द्यायचं. रोज, आणि कायमचं."

"कायमचं?" दीपमालेची आई सोजराबाई हिने विचारले.

"हो. चष्मा लागला तर आपण रोज लावतोच ना? तसंच समजा. ती शाळा शिकेल, काम करेल, लग्न करेल. फक्त इन्सुलिन थांबवायचं नाही."

तेव्हापासून माझे काम सुरू झाले. इंद्रभान वांगी, मिरची, कोथिंबीर पिकवून शेगावच्या बाजारात नेतो. मातीत काम करून राठ झालेल्या बोटांनी तो लेकीच्या इवल्याशा बोटाला सुई टोचायचा, तेव्हा स्वतःच तोंड फिरवायचा. वर्षभरात दीपमाला सगळे स्वतः करू लागली. सकाळी उठल्यावर, जेवणाआधी, निजण्याआधी ती माझ्याजवळ यायची. माझे उत्तर पाहून इन्सुलिन टोचायचे पेन किती अंकावर फिरवायचे ते ठरवायची.

सातवीत असताना शाळेच्या कवायतीत तिचे हातपाय कापू लागले. बाईंनी दप्तरातून मला काढले. मी ४८ सांगितले. साखर फार उतरली होती. बाईंनी लगेच ग्लुकोजचे पाणी पाजले आणि पंधरा मिनिटांत ती उठून बसली. संध्याकाळी बाई घरी आल्या आणि इंद्रभानला म्हणाल्या, "या मशीनमुळं पोरगी वाचली." त्या रात्री इंद्रभानने मला भिंतीतल्या देवळीत देवांशेजारी ठेवले. माझा एवढा मान त्याआधी कधी झाला नव्हता.

पण एक गोष्ट मला तेव्हापासून खटकत होती. माझा आकडा दीडशेच्या आत आला की घरात सगळे हसत. दोनशेच्या वर गेला की इंद्रभान विचारी, "काय खाल्लं होतं वं?" दीपमाला म्हणे, "काहीच नाही बाबा." तो पुढे बोलत नसे, पण जेवताना मान वर करत नसे. ताप आला, परीक्षा आली, वाढीचे वय आले की साखर वर जाते, त्यात तिचा काही दोष नसतो. मला हे सांगता आले असते तर किती बरे झाले असते. मला फक्त आकडा सांगता येतो. पोरगी माझ्या काचेकडे पाहण्याआधी बापाच्या तोंडाकडे पाहू लागली.

बारावी झाल्यावर दीपमाला शिवणकाम शिकली. गावात बसस्टँडजवळ पूनमचे शिवणकामाचे दुकान आहे. पूनम त्याच गल्लीतली सून, म्हणून दीपमाला तिला वहिनी म्हणते. हात बसल्यावर पूनमने तिला दुकानातच ठेवून घेतले. मशिनीवर स्वतः शिवलेली पहिली वस्तू दीपमालेने माझ्यासाठी केली. लाल खणाची पिशवी, तिला पिवळी नाडी. त्या पिशवीत बसून मी रोज दुकानात जायचो आणि कापडाच्या थप्पीवर पडून दिवसभराच्या गप्पा ऐकायचो.

दोन वर्षांपूर्वी पूनमलाही शुगर निघाली. तिचे वय चौतीस, वजन चौऱ्याऐंशी. तिचा मधुमेह दुसऱ्या जातीचा, टाईप टू. गोळ्यांनी भागेना, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून तिला सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन लिहून दिले. आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायचे. सुरुवातीला तिला मळमळले, दोनदा ओकारी झाली, पण हळूहळू भूक ताब्यात आली. दुकानात कधीकधी ती नवी सुई लावून माझ्यावर आपली शुगर बघे. दोनशे चाळीसवरून तिची शुगर एकशे तीसवर आलेली मी स्वतः पाहिली आहे. म्हणून त्या औषधाशी माझे वैर नाही, मित्रांनो. त्याने पूनमचे भले केले.

पूनम बारीक झाली तशी गावात चर्चा सुरू झाली. मापे देता देता बायका इंजेक्शनांची तुलना करू लागल्या, साडीच्या पोताची करतात तशी. एकीच्या भावाला रोजचे इंजेक्शन होते. एकीच्या जावेला आठवड्याचे. एकीने त्याहून नवे, त्याहून जोरदार आठवड्याचे ऐकले होते. कोणाचे किती किलो उतरले, कोणाला किती ओकाऱ्या झाल्या, कोणी मधेच सोडले आणि वजन परत कसे आले, हे सगळे निघायचे. कोणाला कोणता आजार आहे, हे मात्र कोणी विचारत नव्हते. आणि या तुलनेत दीपमालेचे इन्सुलिन नेहमी शेवटी यायचे. "इन्सुलिन म्हणजे शेवटचं औषध," एक बाई म्हणाली. "ते सुरू झालं की माणूस फुगते."

दीपमाला मान खाली घालून काजे करत होती. तिचा हात थांबलेला मी पाहिला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिने स्वतःसाठी ड्रेस बेतायला घेतला. पूनमने टेप लावला.

"दीपा, कंबर दोन इंचानं वाढली वं."

"मी त जास्त खातबी नाही वहिनी."

"खाण्यानं नाही. तुह्या त्या सुयांनं. माही आठवड्यातून एक, तुह्या दिवसाच्या चार. तूच सांग, कोणती बरी?"

दीपमालेने टेप गुंडाळत विचारले, "तुह्यावाली मले चालन काय?"

"शुगरचीच त हाय. मले चालते, तुले काऊन नाही चालन?"

पुढच्या रविवारी दुकान बंद असताना दोघी आत बसल्या. पूनमने आपल्या पेनला नवी सुई लावली, डोस लहान आकड्यावर ठेवला आणि दीपमालेच्या पोटाला टोचले. दीपमालेने विचारले, "मंग माह्या इन्सुलिनचं काय करू?"

"भूकच लागणार नाही तुले. खाणार नाहीस त शुगर वाढन कशी?" पूनम म्हणाली. "आन हे कोणाले सांगू नको. माह्या घरी समजलं त मले बोलतीन."

मी शेजारीच पिशवीत होतो. दहा वर्षे प्रत्येक गोष्ट मला विचारून करणारी पोरगी त्या दिवशी मला विचारायला विसरली नाही. तिला मला विचारायचेच नव्हते.

मग दर रविवारी हेच होऊ लागले आणि तिची भूक खरेच गेली. अर्धी भाकर खाऊन ती उठू लागली. खाल्ले नाही म्हणून आधी तिने जेवणाआधीचे इन्सुलिन सोडले. मग निजण्याआधीचे दिवसभराचे इन्सुलिनही एक दिवसाआड घेऊ लागली. फ्रिजमधून पेन काढायची, मागच्या खोलीत जायची आणि तसेच परत आणून ठेवायची. घरच्यांना वाटे, घेतले. तीन आठवड्यांत ड्रेस सैल झाला. पूनमने टेप लावला आणि हसून म्हणाली, "पाह्य, मी म्हटलं नव्हतं?"

मला ती आता पिशवीतून काढत नव्हती. एका दुपारी तीन वाजता, पूनम बाहेर गेलेली असताना, तिने गपचूप मला काढले. तिचे बोट थंड होते. मी पाच, चार, तीन, दोन, एक मोजले आणि ४१८ सांगितले. ती काचेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "या मशीनले काही समजत नाही." तिने मला बंद केले आणि पिशवीची नाडी घट्ट आवळली.

मित्रांनो, मला खूप लागले. पण पुढे जे झाले त्यापुढे हे काहीच नव्हते.

सोजराबाई एका सकाळी म्हणाली, "दीपा, लई दिवसांत तुही शुगर नाही दिसली वं. बाबा विचारत होते."

दीपमाला मला घेऊन चुलीपाशी आली आणि आईजवळ बसली. "माय, आधी तुही पाहू. तुह्या माहेरी सगळ्याइले शुगर हाय. तुही पाह्यलीच नाही कधी."

सोजराबाई सुईला फार घाबरते. पण लेकीने काळजीने म्हटले, म्हणून तिने डोळे मिटून बोट पुढे केले. तिच्या बोटावर भाकरीचे पीठ होते. दीपमालेने ते पुसले, टोचले, थेंब घेतला. मी ९४ सांगितले. सोजराबाईची शुगर अगदी निरोगी होती. दीपमाला म्हणाली, "चांगली हाय माय." मग ती मला घेऊन ओसरीवर गेली. इंद्रभान बाजारात न्यायच्या मिरच्यांची पोती शिवत होता. तिने माझी काच त्याच्यापुढे धरली.

"पाहा बाबा. चौऱ्याण्णव."

इंद्रभानचे तोंड उजळले. "वा. अशीच ठेवजो पोरी."

माझा आकडा खरा होता. तो ज्या नावावर दाखवला, ते नाव खोटे होते. काच खाली वळवून तिने मला पिशवीत टाकले, तेव्हा मला कळले की तिने माझे खरेपणच वापरून घेतले आहे. मी बिघडलो असतो, चुकीचे आकडे दाखवले असते, तर कोणी विश्वास ठेवला नसता. मी दहा वर्षे खरे बोललो, म्हणूनच हे खोटे खपले.

मग हे रोजचे झाले. सकाळी सात वाजता सोजराबाई स्वतःच हात धुऊन बसू लागली. ९८, ९१, १०१, ९६. आता ती डोळेही मिटत नव्हती. नळावर, किराणा दुकानात, जिथे तिथे ती सांगायची, "माही दीपा रोज सकाळी माही शुगर पाह्यते. लेक असावी त अशी." तिचे हे बोलणे दीपमालेच्या कानावर पडे, तेव्हा ती उगाच काहीतरी शोधायला आत जाई. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आईचे बोट धरी.

पाचव्या आठवड्यात तिला ओकाऱ्या होऊ लागल्या. घसा कोरडा पडला, तांब्यामागून तांब्या पाणी सुरू झाले. पूनम म्हणाली, "मलेबी पहिल्यानं असंच झालं होतं. जाते आपोआप." घरी आईला मात्र दीपमालेने 'उन्हानं होते' म्हणून सांगितले. सोमवारी सकाळी तिने आईच्या बोटातली शंभर शुगर बापाला दाखवली आणि दुकानात गेली. साडेअकराच्या सुमारास ती मशिनीवर वाकली आणि उठलीच नाही. तिचा श्वास खोल आणि जोरात चालला होता. तोंडाला अती पिकलेल्या फळासारखा वास येत होता. पूनमने घाबरून इंद्रभानला फोन केला. त्याच्यामागून सोजराबाईही धावत आली आणि ऑटोत घालून तिघांनी तिला शेगावच्या दवाखान्यात नेले. मी पूनमने उचललेल्या पिशवीत होतो.

त्याच डॉक्टर जयमालाबाई. आता त्यांचे केस पिकले होते. त्यांनी दीपमालेला आत घेतले, सलाईन लावले, रक्त तपासायला पाठवले. थोड्या वेळाने बाहेर येऊन विचारले, "साखर पावणेसहाशेच्या घरात आहे. रक्तात आम्ल साठलंय. इन्सुलिन चुकलं होतं का?"

"नाही मॅडम," इंद्रभान म्हणाला. "रोज घेते. आज सकाळीच शंभर होती शुगर. मी माह्या डोळ्यानं पाह्यली." त्याने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले.

डॉक्टरबाई पूनमकडे वळल्या. "तुम्ही दिवसभर सोबत असता. तिनं दुसरं काही औषध घेतलं का? कोणी काही दिलं का? मला आत्ता कळणं गरजेचं आहे."

मी पूनमकडे बघत होतो. तिच्या पर्समध्ये ते पेन होते.

"नाही मॅडम," पूनम म्हणाली. "मले काही माहीत नाही. मशीनच खराब झाली असन. दहा वर्साची जुनी हाय."

इंद्रभानने मला उचलले. "दहा वर्सं भरवसा ठेवला हिच्यावर," तो म्हणाला आणि त्याने मला टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. मी वापरलेल्या कापसावर पडलो. ज्या माणसाने मला कधीकाळी देवळीत ठेवले होते, त्याच्या हातून पडलो. वरून मला फक्त छताचा पंखा दिसत होता.

डॉक्टरबाई खाली वाकल्या आणि त्यांनी मला बाहेर काढले. "थांबा. यात जुने आकडे साठलेले असतात." कापसाने मला पुसून त्या एकेक आकडा मागे नेऊ लागल्या. "रोज सकाळी सात वाजता. शंभर, शहाण्णव, एकशे एक, एक्याण्णव. टाईप वनच्या पेशंटची इतकी सरळ शुगर मी कधी पाहिली नाही. आणि त्या सगळ्यांच्या आधीची ही एक. दुपारी तीनची. चारशे अठरा."

त्या मला घेऊन आत गेल्या आणि दीपमालेच्या बोटातला थेंब माझ्या पट्टीवर घेतला. पुन्हा मोजला, तोच आकडा. त्यांच्या यंत्राशी तो जुळत होता. त्या बाहेर आल्या. "मशीन चांगली आहे, इंद्रभानजी. मग मला सांगा, सकाळी सातला यात कोणाचं रक्त होतं?"

सोजराबाईने हळूच आपले दोन्ही हात उघडले आणि बोटांच्या टोकांकडे पाहिले. तिथे बारीक काळे ठिपके होते.

"माहं," ती म्हणाली. "माहं होतं ते रगत."

इंद्रभानने तिच्याकडे पाहिले.

"रोज सकाळी दीपा माहं बोट टोचे. मले वाटलं, माही काळजी घेऊन राह्यली." तिने पदराने बोटे झाकून घेतली. "सगळ्या गल्लीले सांगत होती मी."

ती रडली नाही. रडली असती तर मला ते सोसवले असते.

पूनम तेव्हा म्हणाली, "मी पाणी आणते." ती बाहेर गेली आणि परत आली नाही. संध्याकाळी कळले की ती मिळेल त्या गाडीने गावाला निघून गेली होती.

दोन दिवस दीपमाला सलाईन आणि इन्सुलिनवर होती. शुद्धीवर आल्यावर तिने डॉक्टरबाईंना सगळे सांगितले. आईकडे मात्र तिला बघवेना. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या. इंद्रभान आणि सोजराबाई पलीकडे उभे होते.

"दीपा, दोन्ही पेनं सारखीच दिसतात," त्या म्हणाल्या. "दोन्ही फ्रिजमध्ये ठेवतात, दोन्ही पोटावर टोचतात, दोन्ही शुगरची म्हणतात. पण काम वेगळं आहे. इंद्रभानजी, तुमच्या मळ्यात विहीर आहे?"

"हाव, हाय."

"पाणी आहे पण वर येत नाही, तर काय कराल?"

"मोटर पाहीन. नवी बसवीन."

"आणि विहीरच कोरडी असेल तर?"

"त मंग मोटर लावून काय उपयोग? टँकरच आणा लागन."

"पूनमच्या विहिरीत पाणी आहे. ते आठवड्याचं इंजेक्शन म्हणजे नवी मोटर. शरीरातलं इन्सुलिन वेळेवर बाहेर काढतं, भूक आवरतं, पोट सावकाश रिकामं होऊ देतं, त्यानं वजनही उतरतं. तिच्या डॉक्टरांनी तपासून दिलं, तिला ते योग्य आहे. नवी जोरदार इंजेक्शनं आली आहेत, पण तीही मोटरच. दीपाची विहीर कोरडी आहे. तिला रोज टँकर लागतो, तो म्हणजे इन्सुलिन. कोणतं चांगलं, असं विचारायचंच नसतं. कोणाला, ते विचारायचं."

दीपमाला हळू आवाजात म्हणाली, "पण माहं वजन कमी झालं होतं मॅडम."

"झालं. अकराव्या वर्षीही झालं होतं, आठव. इन्सुलिन नसलं की खाल्लेलं अंगाला लागत नाही. मग अंग स्वतःलाच खायला लागतं. ओकाऱ्या झाल्या, तेव्हा तुला वाटलं, इंजेक्शनामुळं होतात. त्या रक्तात साठलेल्या आम्लामुळंही होत होत्या. आणि एक, दुसऱ्याचं पेन कधी घ्यायचं नाही. सुई बदलली तरी रक्ताचे आजार पेनमधून जातात. त्याची तपासणी मी करून घेतली आहे, पुन्हाही करू. वजनाचा त्रास होता तर माझ्याकडे यायचं होतंस. इन्सुलिनचा हिशेब बसवला असता, आहार बसवला असता."

"तुमच्याकडं आली असती त बाबाले समजलं असतं," दीपमाला म्हणाली. "आकडा वाढला की बाबा बोलत नाहीत."

इंद्रभानने खिडकीचा गज धरला.

पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. मला फडताळात ठेवले होते. घरात सगळे चालले होते, पण सोजराबाई लेकीशी कामापुरते बोलत होती. जेवायला वाढायची आणि हात पदराखाली घ्यायची.

आठवड्याने पूनम दारात आली. सोजराबाईने तिला बसायला सांगितले आणि पाणी दिले. रीत तिने मोडली नाही. पूनमने तांब्या नुसता हातात धरला. "काकू, मले वाटलं नव्हतं असं होईन. मी तिच्या भल्यासाठीच देलं."

"देलं त्याचा राग नाही मले," सोजराबाई म्हणाली. "तुले समजलं नसन. पण डॉक्टरीणबाई विचारत होत्या, माही पोरगी आत मरून राह्यली होती, तवा तू नाही म्हटलं. त्याचा हाय."

पूनमने तांब्या खाली ठेवला. दीपमाला आतल्या दारात उभी होती. दोघींची नजरानजर झाली, पण कोणी पुढे आले नाही. पूनम गेली. दीपमाला आता घरीच मशीन टाकून ब्लाऊज शिवते. पूनमच्या दुकानाची तिला अजून आठवण येते, हे तिच्या उसाशावरून मला कळते. विश्वास गेला तरी माणसाची सवय जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपमाला आईजवळ बसली. "माय, माहं चुकलं."

सोजराबाई पीठ मळत होती. तिने पिठाचा गोळा परातीत दाबला. मग म्हणाली, "तू मागितलं असतं त दाही बोटं देली असती मी. पण सांगून मागायचं होतं. माही काळजी करते असं दाखवून नव्हतं घ्यायचं."

हात धुऊन ती फडताळाशी गेली. तिने मला पिशवीतून काढले आणि लेकीपुढे ठेवले. दीपमालेने स्वतःचे बोट टोचले. मी मोजले आणि २१२ सांगितले. आकडा वाईटच होता. दीपमालेचे डोळे सवयीने ओसरीकडे गेले. इंद्रभान उठून आत आला. त्याने काचेकडे पाहिले. काय खाल्लं, असे तो या खेपेला बोलला नाही.

"दोनशे बारा," तो म्हणाला. "किती युनिट घ्या लागते मंग?"

तिने सांगितले. तो तिथेच बसून राहिला, ती पेन लावेपर्यंत.

मित्रांनो, माझा राग गेला, असे मी म्हणणार नाही. मी आजही याच घरात काम करतो, पण सकाळी पट्टी आत सरकली की हे रक्त कोणाचे, असा प्रश्न मला पडतो. दहा वर्षांत तो कधी पडला नव्हता. सोजराबाई आता कोणाला आपले बोट टोचू देत नाही. डॉक्टरबाईंनी वर्षातून एकदा तपासून घ्या म्हटले, तरी ती टाळते.

माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. शेजाऱ्याचे औषध तुमच्या औषधासारखे दिसले, तरी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नका आणि आपले कोणाला देऊ नका. आणि तुमच्या घरात कोणी रोज बोट टोचून घेत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. आकडा वाईट आला म्हणून त्याच्यावर रागावू नका. रागावलात, तर पुढचा आकडा तो दुसऱ्याच्या बोटातून आणील, आणि मी तो खरा म्हणून तुम्हाला दाखवीन.